नांगरावर बसलेले दोघे

माणदेशी माणसाचा आणि समुद्राचा संबंध काय? आमच्या म्हसवडात माणगंगासुद्धा वर्षातला बराच काळ नुसती वाळूच असते. तरी गॅब्रिएल ब्रे या इंग्रज आरमारी लेफ्टनंटनं जानेवारी १७७५ मध्ये काढलेलं एक जलरंगातलं चित्र मला फार जवळचं वाटतं. ‘पॅलास’ हे जहाज सेनेगलच्या किनाऱ्याजवळ उभं आहे आणि त्याच्या नांगरावर बसून एक खलाशी आणि एक नौसैनिक मासे धरताहेत. लढाई नाही, वादळ नाही, कप्तानाचा रुबाब नाही. खारवलेलं मांस आणि कडक बिस्किटं खाऊन विटलेल्या जिभेला ताज्या माशाची आशा, एवढंच.

ब्रे पोटासाठी चित्रं काढणारा नव्हता, त्याच जहाजावरचा अधिकारी होता. किनाऱ्यावर बसून रंगवणाऱ्याला शिडं दिसतात. रिकाम्या वेळी माणसं कशी बसतात, हे सोबत राहणाऱ्यालाच ठाऊक. अर्थात सोबत्यालाही सगळं दिसतं असं नाही. हे जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या इंग्रजी ठाण्यांची पाहणी करायला निघालं होतं आणि ती ठाणी गुलामांच्या व्यापारावर पोसलेली होती. त्याची सावलीही या चित्रावर नाही.

आमच्याकडे राजेवाडीचा तलाव आहे. १८७६–७८ च्या दुष्काळाच्या काळातलं ते काम. पाण्यावर भोई जाळी टाकतात, मासे बाजारात येतात. पण ज्यांनी डोक्यावर पाट्या वाहून तो बांध घातला, ते दुपारी सावलीला टेकलेत, तंबाखू मळताहेत, असं एकही चित्र माझ्या पाहण्यात नाही. त्या दुष्काळाची गाजलेली छायाचित्रं मद्रासकडची. त्यांत हाडांचे सापळे कॅमेऱ्यापुढे बसवलेत. दया येते, ओळख होत नाही. आणि आमच्या शेजारचे औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, राजा असून चित्रकार, पण त्यांचा कुंचला रमला रामायणात!

ब्रेच्या चित्रांची वही १९९१ मध्ये ग्रिनिचच्या संग्रहालयानं घेतली, म्हणून ते दोन मासेमार टिकले. म्हसवडच्या चित्रकलेच्या शिक्षकांना माझी विनंती आहे: सिद्धनाथाचा रथ पोरांनी पुष्कळ काढला, यंदा त्यांना राजेवाडीला न्या आणि जाळं सुकवत बसलेला माणूस काढायला लावा. आधी त्याच्याशी तासभर गप्पा मारू द्या.