शून्याची राखण

श्रवणचाचणीच्या कागदावर लिहिलेले शून्य डेसिबल ही निरोगी तरुण कानांना जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाची मान्य सरासरी असते, आणि ती प्रत्येक स्वरासाठी व हेडफोनच्या प्रत्येक जातीसाठी वेगळी ठरवलेली असते. टीडीएच-३९ या प्रचलित हेडफोनसाठी १००० हर्ट्झला हे शून्य म्हणजे ७ डेसिबल प्रत्यक्ष ध्वनिदाब आणि ४००० हर्ट्झला ९.५ डेसिबल, असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. उपकरणातले शून्य या जागी आहे की नाही हे पडताळणे आणि सरकले असल्यास ते पूर्ववत करणे, याला कॅलिब्रेशन म्हणतात.

सिंधुदुर्गात चिरेखाणीतली कापणी यंत्रे, काळ्या दगडाचे क्रशर, कुडाळच्या औद्योगिक वसाहतीतील कारखाने, मालवण-वेंगुर्ल्याचे बर्फाचे कारखाने आणि ट्रॉलरची डिझेल इंजिने अशी गोंगाटाची कामे गावोगाव विखुरलेली आहेत. आवाजामुळे येणारे बहिरेपण १९४८च्या कारखाने अधिनियमाने कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांत धरले आणि खाणींसाठी ८५ डेसिबल ही इशाऱ्याची, तर ९० डेसिबल ही धोक्याची पातळी १९७५च्या परिपत्रकाने सुचवली. तरी ध्वनिरोधक खोली काही कामाच्या जागी येत नाही. म्हणून लॅपटॉप, बाहेरून जोडायचे साउंड कार्ड आणि हेडफोन एवढा संच घेऊन तपासणी करणारे कामगारांपर्यंत जातात.

या सोयीतच कॅलिब्रेशनची खरी अडचण आहे. जुन्या ऑडिओमीटरची, म्हणजे श्रवणचाचणीच्या यंत्राची, पातळी एका बंद पेटीत बांधलेली असे. संगणकाधारित उपकरणात मात्र ती साउंड कार्ड, हेडफोन, आज्ञावली आणि संगणकातील आवाजाची मांडणी या सर्वांवर मिळून अवलंबून राहते. कोणी सहज गाणे ऐकताना आवाजाची पट्टी खाली ओढली, आवाज आपोआप सुधारणारी सोय चालू राहिली किंवा तुटलेल्या हेडफोनच्या जागी दिसायला तसाच दुसरा जोडला, तर पडद्यावरचे आकडे तसेच दिसतात आणि कानात पोहोचणारा आवाज वेगळाच असतो. म्हणून प्रमाणपत्र संपूर्ण संचाचे असते आणि त्यातला एक भाग बदलला की ते निकामी होते.

प्रत्यक्ष कामात आधी मोजमापाचा मायक्रोफोन १००० हर्ट्झला ९४ डेसिबल देणाऱ्या प्रमाणित ध्वनिस्रोताने तपासला जातो. मग सहा घनसेंटिमीटर पोकळीच्या कपलरवर, म्हणजे कानाच्या पोकळीची जागा घेणाऱ्या धातूच्या भांड्यावर, हेडफोनची एक बाजू ठेवून तिच्यावर सुमारे अर्ध्या किलोचा भार देतात. ७० डेसिबलचा स्वर सोडल्यावर मापकाने १००० हर्ट्झला ७७ आणि ४००० हर्ट्झला ७९.५ दाखवावे, तीन डेसिबलपर्यंतचा फरक इथे चालतो. गादी तिरकी बसली तर विशेषतः खालच्या स्वरांचे आकडे घसरतात, म्हणून ती उचलून पुन्हा ठेवून वाचन घेतात. शेवटी पाच डेसिबलची प्रत्येक पायरी खरोखर पाचचीच आहे का, हे विद्युतदाब मोजून पाहतात, कारण खालच्या पातळ्या मायक्रोफोनच्या स्वतःच्या खरखरीत बुडून जातात.

मालवणच्या किनाऱ्यावर खारी हवा जोडणीच्या पिनांना गंज चढवते आणि पावसाळ्यातील दमटपणाने मायक्रोफोन कुरकुरू लागतो, त्यामुळे सिलिका जेलची पुडी हे तिथे उपकरणाचेच अंग मानावे लागते. खोलीचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. समुद्राची गाज आणि पत्र्यावरचा पाऊस ५०० हर्ट्झच्या आसपासचे स्वर झाकतात. रातकिड्यांची किरकिर साधारण ४००० ते ५००० हर्ट्झची असते, आणि गोंगाटाने होणारी इजा श्रवणाच्या आलेखात प्रथम ४००० हर्ट्झच्याच आसपास खळगा पाडते. हेडफोनच्या गाद्या हा आवाज बराच अडवत असल्या, तरी खिडकीबाहेरच्या झाडीची दखल न घेता केलेली चाचणी सौम्य इजा असलेल्या आणि नसलेल्या कामगारांत गल्लत करू शकते. म्हणून चाचणीच्या वेळी त्या खोलीतला आवाज स्वरपट्ट्यांनुसार मोजणे हाही कॅलिब्रेशनचाच भाग समजला पाहिजे.

मालवणच्या बाजारात मासळी तोलणाऱ्या काट्यावर वैधमापन यंत्रणेचा शिक्का असतो आणि शंका आली तर गिऱ्हाईक माप दुसरीकडे तोलून घेऊ शकते. कामगाराला आपले ऐकणे असे तोलून पाहता येत नाही. शिवाय शून्य सरकले की चूक एकाच दिशेने सगळ्यांच्या कागदावर उतरते. आवाज प्रत्यक्षात दहा डेसिबलने मंद झाला, तर निरोगी कामगारही वर्षभरात ऐकणे गमावल्यासारखे दिसतात. तो तितकाच वाढला, तर खरी इजा झाकली जाते. रोज सकाळी ज्याचे ऐकणे आधीपासून नोंदलेले आहे अशा एका व्यक्तीची चाचणी घेऊन हे सरकणे लवकर पकडता येते.

वार्षिक दुरुस्तीच्या वेळी मात्र घाई नडते. उपकरण नीट करून केवळ दुरुस्तीनंतरचे आकडे लिहिले, तर पुढच्या तपासण्या विश्वासार्ह होतात, पण मागच्या वर्षभरात तपासलेल्या कामगारांच्या आलेखांत किती डेसिबलची खोट होती, हे शोधण्याचा मार्ग कायमचा बंद होतो. म्हणून स्क्रूला किंवा आज्ञावलीतील पातळीला हात लावण्यापूर्वीची वाचने, हेडफोनच्या अनुक्रमांकासह, आधी लिहून घेणे हा या कामाचा पहिला नियम आहे. त्या नोंदीवरून कोणाला पुन्हा बोलावायचे, हे ठरवता येते.