पेटीदुरुस्तीचा धंदा आणि संकेतस्थळ

पियानोचे सूर जुळवणाऱ्या कारागिराला गिऱ्हाइकाच्या घरी जावे लागते, कारण सव्वादोनशेच्या आसपास तारा आणि बिडाची चौकट असलेले ते अवजड वाद्य सहसा जागचे हलत नाही. हार्मोनियम, म्हणजे आपल्याकडची पेटी, मात्र गिऱ्हाईकच उचलून आणते. संकेतस्थळ परवडते की नाही याचा निकाल प्रस्तुत लेखकाच्या मते याच फरकावर लागतो, कारण मुंबई-भुसावळ लोहमार्गावरील नांदगावात बसणाऱ्या पेटीदुरुस्ताचा पसारा म्हणजे मनमाड, चाळीसगाव वा येवल्याहून माणूस पेटी वाहून आणायला तयार होईल तेवढाच.

पंचक्रोशीतली भजनी मंडळे संकेतस्थळ पाहून येत नाहीत. एखाद्या सप्ताहात, म्हणजे सात दिवसांच्या अखंड हरिनामाच्या उत्सवात, पेटी नीट वाजली की शेजारच्या गावचा पेटीवाला तिथेच पत्ता विचारून घेतो, आणि ज्याला विचारायला कोणी नाही तो गूगलच्या नकाशावरील फुकटची नोंद पाहून फोन करतो. तेव्हा नवे गिऱ्हाईक मिळवण्यासाठी संकेतस्थळाचे वार्षिक शुल्क भरणे ही या धंद्यात निव्वळ हौस होय.

त्याचा उपयोग दिसला तो दर ठरवताना. पेटीतला सूर म्हणजे चौकटीत रिव्हेटने बसवलेली पितळी जीभ. ती मोकळ्या टोकाशी किंचित खरवडली की स्वर चढतो, बुडाशी खरवडली की उतरतो, आणि खरवडलेले पितळ परत येत नसल्याने एकेक सूर काढून, घासून, पुन्हा भात्यावर वाजवून पाहावा लागतो. दोन ओळींच्या पेटीत तर एका पट्टीखालचे दोन्ही सूर तंतोतंत जुळले नाहीत, तर आवाज थरथरतो. हे ठाऊक नसलेल्या माणसाला ‘नुसते सूर लावायचे एवढे पैसे?’ असे वाटणे स्वाभाविकच. सूर घासतानाची चित्रफीत, उंदरांनी कुरतडलेल्या भात्याचे छायाचित्र आणि दरपत्रक एका पानावर आल्यापासून ही घासाघीस बरीच कमी झाली, कारण मंडळाच्या खजिनदाराला वर्गणीचा हिशेब मांडताना ते पान चारचौघांना मोबाइलवर दाखवता येते. (पेटीवाल्याची खात्री आधीच पटलेली असते, पटवायचे असते ते खजिनदाराला.)

त्याच पानावर, गणेशोत्सवाच्या वा सप्ताहाच्या महिनाभर आधी पेटी आणावी, अशी ठळक सूचना आहे. ती वाचून वेळेत आलेली मंडळे थोडीच. बाकीच्यांना आदल्या आठवड्यात फोनवर तीच वाचून दाखवावी लागते.