लेहच्या वाटेची पूर्वतयारी

प्रवासवर्णनें लिहिणारे लोक बहुधा गाडी सुटल्यापासून लिहूं लागतात. त्याआधींचे जे दोन-तीन महिने घरांत जातात, त्यांतील वादविवाद, हिशेब, रुसवेफुगवे आणि गांठोडीं बांधणें-सोडणें यांविषयीं कोणी चार ओळीही लिहीत नाहीं. वस्तुतः लांबचा व बिकट प्रवास बराचसा घरींच पार पडतो, किंवा घरींच बिघडतो. आमच्या थोरल्या बंधूंचे धाकटे चिरंजीव येत्या सप्टेंबरांत दोन मित्रांसह पुण्याहून लडाखांतील लेह येथें मोटारसायकलीनें जावयास निघणार आहेत. बंधु आज हयात नाहींत. त्यामुळें हो-नाहीं म्हणण्याचा भार वहिनींवर आणि वहिनींनीं तो माझ्यावर टाकलेला. "भावजी, तुम्ही ती वाट पाहून आलां आहांत, तुम्हीच काय तें सांगा," असें त्या म्हणाल्या, तेव्हांपासून माझें दुपारचें वाचन बंद पडलें आहे.

ती वाट मी पाहिली आहे हें खरें. सन २०१८ च्या जुलैंत मनालीहून लेहपर्यंत भाड्याच्या जीपगाडीनें मी गेलों होतों. पुण्याहून मनालीपर्यंतचे सुमारें दोन हजार किलोमीटर चांगल्या सडकेचे आहेत. ऊन आणि मालमोटारी यांखेरीज त्यांत सांगण्याजोगें फारसें नाहीं. गाडी आगगाडीच्या पार्सलडब्यांतून चंदीगडपर्यंत पाठवावी व अंगांतली शक्ति डोंगरासाठीं राखावी, असें मी सुचविलें. पण "काका, मग तो पुण्याहून लेहचा प्रवास कसला?" या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. रोजचे चारशें किलोमीटर व सूर्यास्तानंतर गाडी चालवावयाची नाहीं, एवढ्यावर तो विषय मिटला.

खरी वाट मनालीच्या पुढें सुरू होते. मी गेलों तेव्हां पहिल्याच दिवशीं ३,९७८ मीटर उंचीचा रोहतांग घाट ओलांडावा लागे आणि चिखलांत गाड्यांची रांग तासन् तास खोळंबून राही. दिनांक ३ ऑक्टोबर २०२० रोजीं नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि ही शिक्षा टळली. मात्र रोहतांगचा चढ शरीराला पुढील उंचीची आगाऊ सूचना देत असे, ती सूचनाही त्याबरोबर गेली. बोगद्यापलीकडे लाहूलचें खोरें लागतें. तांडी येथें चंद्रा आणि भागा या दोन नद्यांचा संगम आहे. तेथून पुढें ती चंद्रभागा होते, म्हणजेच वेदांतील असिक्नी, पंजाब्यांची चिनाब. पंढरपूरच्या चंद्रभागेवर वाढलेल्या माणसाला तें नांव इतक्या दूर ऐकून कसें वाटतें, तें सांगावयास नको. जीपवाला पेट्रोल भरीत होता तेवढ्या वेळांत मी खालीं उतरून तें पाणी डोळ्यांस लावून आलों.

तांडीच्या पेट्रोलपंपावर, पुढचा पंप ३६५ किलोमीटरांवर आहे, असें सांगणारी पाटी आहे. मोटारसायकलवाल्यांत ती फार प्रसिद्ध आहे. तेथून केलाँग, जिस्पा, दारचा हीं गांवें मागें टाकीत वाट भागा नदीच्या कांठानें तिच्या उगमाकडे, म्हणजे सूरजतालाकडे, चढूं लागते. त्या सरोवराच्या डोक्यावर ४,८९० मीटरांचा बारालाचा घाट. तो उतरलें कीं सरचूचें उघडें पठार येतें. पुढें गाटा या नांवाचीं एकावर एक एकवीस वळणें, मग नकीला, मग ५,०५९ मीटरांचा लाचुंगला, मग पांगची छावणी. त्यापुढें मोरे नांवाचें चाळीस किलोमीटरांचें सपाट मैदान आहे. (आमच्याकडील मोरे घराण्याशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं, माझ्या एका विद्यार्थ्यानें तो जोडून पाहिला होता.) शेवटीं ५,३२८ मीटरांचा तांगलांगला ओलांडला, कीं उतरत उतरत उपशी येथें एकाएकीं सिंधुनदी समोर येते. झाड नाहीं, गवत नाहीं. डोंगर मात्र जांभळे, पिवळे, तपकिरी, कोठें हिरवटही. कालिदासाचा हिमालय देवदारांचा आणि भूर्जपत्रांचा. त्या हिमालयाच्या पाठीमागें असला एक उघडा हिमालय आहे, हें त्या दिवशीं प्रथम मनांत उतरलें.

आतां ज्या गोष्टीमुळें मी या बेताला सहज रुकार देऊं शकलों नाहीं, ती सांगतों. आमच्या जीपगाडींत एक पंचविशीचा तरतरीत तरुण होता. सरचूला, म्हणजे ४,२९० मीटरांवर, तंबूंत रात्रीचा मुक्काम पडला. संध्याकाळीं हा गृहस्थ छायाचित्रें घेण्यासाठीं टेकडीवर धांवत गेला. रात्रीं त्याचें डोकें दुखूं लागलें, मग वांत्या झाल्या आणि मध्यरात्रीनंतर निजल्या जागींच त्याला धाप लागली. आमचा वाहनचालक त्या डोंगरांतला, जाणता माणूस. तो एवढेंच म्हणाला, कीं याला खालीं नेलें पाहिजे. पण सरचूची गोम अशी, कीं तेथून खालीं जावयाचें तर आधीं वर चढावें लागतें. मागें फिरावें तर सहाशें मीटर चढून बारालाचा ओलांडणें आलें. पुढें जावें तर त्याहूनही उंच घाट. रात्रीं दोन वाजतां आम्ही निघालों. चार तास त्या पोराचें डोकें माझ्या मांडीवर होतें. बारालाच्यावर त्याच्या ओठांचा रंग पाहून, याच्या आईबापांना काय म्हणून कळवावें, याचीं वाक्यें मी मनांत जुळवीत होतों. केलाँगच्या रुग्णालयांत तो वांचला. वहिनींना ही हकीकत मीं कधीं सांगितली नव्हती. या वेळीं सांगावी लागली.

याचें कारण गूढ नाहीं. उंच चढावें तसा हवेचा दाब उतरत जातो. तांगलांगल्यावर तो समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडासाच अधिक असतो, म्हणजे एका श्वासांत मिळणारा प्राणवायूही त्याच मानानें कमी. शरीर या गोष्टीला सरावतें, पण त्याला दिवस लागतात. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर निजण्याची जागा दररोज पांचशें मीटरांहून अधिक चढवूं नये आणि तीन-चार दिवसांनीं एक दिवस पूर्ण विसांवा घ्यावा, असा वैद्यांचा सर्वसाधारण नियम आहे. तरुण, कसलेलीं शरीरें या नियमांतून सुटत नाहींत. उलट तींच जोर दाखवूं जातात व अधिक लवकर आडवीं होतात. दुखणें वाढूं लागलें तर फुप्फुसांत किंवा मेंदूंत पाणी उतरतें, आणि मग खालीं उतरणें हाच खरा उपाय उरतो.

चिरंजीवांच्या मूळ वेळापत्रकांत मनालीहून निघून दुसऱ्या रात्रीं सरचू, तिसऱ्या दिवशीं लेह, असा बेत होता. तो मीं तांबड्या शाईनें खोडला. श्रीनगर, कारगिल या वाटेनें चढावें, असें माझें म्हणणें होतें. त्या वाटेवर झोजीला ३,५२८ मीटर आणि सर्वांत उंच फोतूला ४,१०८ मीटर. चढ सावकाश आणि कारगिलचा मुक्काम अवघ्या पावणेसत्तावीसशें मीटरांवर. शरीराला याहून अनुकूल वाट लेहला नाहीं. पण श्रीनगरचें नांव निघतांच वहिनी उठून आंत गेल्या. दिनांक २२ एप्रिल २०२५ रोजीं पहलगाम येथें पर्यटकांवर जो हल्ला झाला, त्यांत पुण्याचींही माणसें मारलीं गेलीं. तीं घरें आमच्यासारखींच. जी वाट फुप्फुसाला बरी ती आईच्या काळजाला नको, असा हा पेंच पडला आणि दोन आठवडे घरांत कोणी त्याविषयीं बोलेना.

तो सोडविला चिरंजीवांनींच. मनालींत दोन रात्री, जिस्पाला ३,२०० मीटरांवर दोन रात्री. मग पहांटे पांचला निघून मधलें सर्व एका दिवसांत ओलांडावयाचें आणि रात्रीं एकदम लेहला ३,५०० मीटरांवर निजावयाचें. सव्वातीनशें किलोमीटरांहून अधिक मजल एका दिवसांत, तीही असल्या रस्त्यानें, म्हणजे बारा तासांचें काम. हा बेत मला सर्वस्वी निर्दोष वाटत नाहीं. परंतु उंचीवर निजण्यापेक्षां उंचीवरून निघून जाणें बरें, हें आमच्या घरच्या डॉक्टरांनाही पटलें. त्यांनीं ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या लिहून दिल्या, सल्फा औषधांचें वावडें नाहीं ना हें आधीं विचारलें, आणि गोळी शरीराला सरावण्यास मदत करते, सावकाश चढण्याची जागा घेत नाहीं, हें तिघांकडूनही वदवून घेतलें. वहिनींनीं एकच अट घातली. बारालाच्याच्या अलीकडे झिंगझिंगबार म्हणून एक जागा आहे. तिघांपैकीं कोणालाही तेथपर्यंत डोकेदुखी अगर मळमळ जाणवली, तर तिघांनींही जिस्पाला परत फिरावयाचें. एकानें मागें राहून दोघांनीं पुढें जावयाचें नाहीं. चिरंजीव प्रथम हंसले. मग, सुट्टीचे अठरा दिवस, पदरचे पैसे आणि मित्रांची चेष्टा हें सगळें पणाला लावून परत फिरावें लागेल, हें लक्षांत आल्यावर गप्प झाले. होकार यावयास चार दिवस लागले. लगेच आला असता तर माझा त्यावर विश्वास बसला नसता.

महिनाही या विचारानेंच सप्टेंबर ठरला. जुलै-ऑगस्टांत बर्फ वितळून रस्त्यावरचे नाले फुगतात आणि मनालीच्या बाजूला पावसानें कडे ढासळतात. २०२३ च्या जुलैंत बियास नदीनें त्या रस्त्याची जी दुर्दशा केली, ती सर्वांनीं पाहिली आहे. सप्टेंबरांत पाणी ओसरतें, थंडी मात्र वाढते. नाले ओलांडावयाचे ते सकाळींच, कारण दुपारच्या उन्हानें वितळलेलें पाणी तिसऱ्या प्रहरीं येऊन पोंचतें.

यंत्राची तयारी त्या मानानें सोपी, कारण यंत्र रुसत नाहीं. रॉयल एन्फील्डची हिमालयन ही त्यांची गाडी. पेट्रोलची टाकी १५ लिटरांची. सपाटीवर लिटरला तीस किलोमीटर जाणारी गाडी घाटांत पंचवीस जाईल असें धरलें, तर ३६५ किलोमीटरांना साडेचौदा लिटरांहून अधिक पेट्रोल लागतें. म्हणजे टाकी कोरडी पडूनच पंप दिसावयाचा. वाटेंत मध्यें कोठें सोय झाली असली तरी तिच्यावर भिस्त ठेवूं नये, म्हणून प्रत्येकीं पांच लिटरांचा डबा ठरला. नवीं ब्रेकपॅडें बसविलीं. क्लच व ॲक्सिलरेटरच्या जादा केबली, क्लच आणि ब्रेकच्या मुठी, फ्यूज, स्पार्कप्लग, चेनचें तेल हें जमविलें. चाकें तारांचीं, टायरांत ट्यूब. तेव्हां पंक्चर स्वतःला काढतां आलेंच पाहिजे. तो अभ्यास आमच्या अंगणांत झाला. पहिल्या खेपेस पन्नास मिनिटें आणि एक फुटलेलें नख. चौथ्या खेपेस बावीस मिनिटें. घरांतलीं लहान मुलें घड्याळ घेऊन बसत. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या उंचीवर गुदमरत, कारण हवा विरळ झाली तरी पेट्रोल तितकेंच येई. आतांच्या इंजेक्शनच्या गाड्या तें प्रमाण आपलें आपण संभाळतात. तरीही घाटमाथ्यावर इंजिनाचा जोर कमी पडतोच, म्हणून ओझें हलकें असावें.

आणि ओझ्यावरूनच घरांत खरें महाभारत झालें. पहिलें बांधलेलें सामान मीं वाण्याकडून आणलेल्या तराजूवर घातलें. तें एकतीस किलो भरलें. त्यांत तीन स्वेटर, दोन डबे चिवडा, डिंकाचे लाडू, मेतकूट, लोणच्याची बरणी आणि एक सतरंजी होती. गोडसे भटजी १८५७ सालीं वरसईहून उत्तरेकडे निघाले, तेव्हां त्यांच्याबरोबरही काका होते. पण त्या काकांना सामान कमी करावें लागलें नसेल, तें काम पुढें लुटारूंनीं केलें. आमच्याकडे तें मलाच करावें लागलें. सतरंजी गेली, बरणी गेली, स्वेटर एक राहिला. शिरस्त्राण, कोपर-गुडघ्यांचीं कवचें, पावसाचा पोषाख, दोन जोड हातमोजे आणि औषधांची पेटी यांना हात लावला नाहीं. अखेर एकोणीस किलोंवर तडजोड झाली. डिंकाचे लाडू राहिले. त्यांवर माझें कांहीं चाललें नाहीं, आणि चालावें असेंही मला वाटलें नाहीं.

तें सगळें ओझें लादून तिघेही गेल्या रविवारीं भर पावसांत ताम्हिणी घाटानें माणगांवपर्यंत जाऊन आले. एका गाडीची सॅडलबॅग सैल होऊन चाकाला घासली आणि एकाच्या बुटांत पाणी शिरलें. हें लेहला न होतां ताम्हिणींत झालें, म्हणून वहिनींनीं गणपतीपुढें नारळ फोडला.

कागदपत्रें तपासून झालीं: परवाना, गाडीचें नोंदणीपत्र, विमा, धुराचा दाखला. परप्रांतांतलें प्रीपेड सिमकार्ड लडाखांत चालत नाहीं, म्हणून पोस्टपेड घेतलें. तरीही जिस्पानंतरच्या त्या दिवसभरांत फोनला आवाज असेलच असें नाहीं. तेव्हां दुसऱ्या दिवशीं सकाळीं नऊपर्यंत निरोप आला नाहीं तरी कोणी घाबरावयाचें नाहीं, असें ठरलें आहे. वहिनींनीं आधीं आठ म्हटले होते, मग नऊ मान्य केले. भाऊबंदांनीं व शेजाऱ्यांनीं मधल्या वेळांत "पोंचला का?" म्हणून विचारण्यासाठीं आमच्याकडे फोन करूं नये, एवढें सांगून मीं सगळ्यांकडे निरोप धाडले आहेत.