वढूची पहिली संध्याकाळ

पुणे-नगर रस्त्यावर पेरण्याचा विजयस्तंभ मागे पडला, भीमेचा पूल ओलांडला आणि कोरेगावातून आमची गाडी आत वळली. महाविद्यालयाच्या हिवाळी शिबिरासाठी २४ विद्यार्थी घेऊन मी वढू बुद्रुकला निघालो होतो. बहुतेक सारे शहरात वाढलेले. शाळेच्या खोल्यांत सामान टाकले, दिवस मावळण्याआधी पिठले-भाकरी उरकली आणि मंडळी गाव पाहायला बाहेर पडली.

दुतर्फा ऊस, गोठ्यांतून धारांची लगबग, पारावर वडीलधारी माणसे. "कुठली पोरं म्हणायची?" ही विचारपूस दर दहा पावलांवर. उत्तरे देता देताच मुलांचा संकोच गळून गेला.

छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीपाशी मात्र बोलणे आपोआप थांबले. फेब्रुवारी १६८९ मध्ये महाराज संगमेश्वरी पकडले गेले. ११ मार्चला, फाल्गुन अमावस्येला, औरंगजेबाच्या आज्ञेने त्यांचा वध झाला. दुसऱ्या दिवशी पाडवा होता. इंद्रायणी जिथे भीमेला मिळते ते तुळापूर येथून जवळच आहे. जन्म १४ मे १६५७ चा, एका विद्यार्थ्याने मनातल्या मनात वजाबाकी केली आणि तो हळूच म्हणाला, "म्हणजे एकतीसच! माझ्या दादाएवढे." शेजारी कवी कलशांची समाधी आहे. महाराजांनी स्वतः 'बुधभूषण' हा संस्कृत ग्रंथ रचला होता, हे सांगितल्यावर राजा आणि कवी असे जवळजवळ का विसावले आहेत, हे मुलांना निराळे समजावून सांगावे लागले नाही.

पुढची समाधी दाखवावी की नाही, याविषयी मी घरून निघतानाच कचरलो होतो. ती गोविंद गोपाळ यांची. महाराजांचे अंत्यसंस्कार यांनी केले अशी एक परंपरा आहे. तो मान शिवले घराण्याचा, अशी दुसरी. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस याच समाधीजवळच्या फलकावरून गावात तेढ निर्माण झाली आणि १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा परिसरात हिंसाचार उसळला. पहिल्याच संध्याकाळी हा विषय नको, असे मी ठरवले होते. शिक्षकाची ही सोय मुलांच्या ध्यानात फार लवकर येते.

"सर, ही समाधी कोणाची?" एका मुलीने विचारलेच. मी दोन्ही परंपरा सांगितल्या, तो डिसेंबरही सांगितला. ती थांबली नाही. "पण बादशहाची छावणी जवळ असताना इथे यायला कोणी धजावले, यात तर वाद नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. वाद त्या धाडसाच्या मानकऱ्याचा होता. हे मला तिने विचारेपर्यंत इतके सरळ सुचले नव्हते.

परतताना अंधार दाटला. नदीकडून गार वारा येत होता. खोलीवर आल्यावर ती वही घेऊन बसली आणि दोहोंपैकी कोणती परंपरा आधी लिहू, असे विचारू लागली.

"ज्या क्रमाने ऐकल्यास, त्याच क्रमाने लिही," एवढेच मी सांगितले. आणि खाली थोडी जागा कोरी ठेव, उद्या पारावरची माणसे आणखी काही सांगतील.