फोन जगेल, पण फोटो?

भीमाशंकरच्या वाड्यांवर भातपीक पाहायला गेलो, की लोक करप्याआधी बंद पडलेला फोन माझ्यापुढे धरतात. कंपनीचे नाव उमटते आणि फोन तिथेच अडतो. संगणकाला वायरने जोडून त्यात मूळ प्रणाली, म्हणजे फर्मवेअर, पुन्हा भरता येते. पण हे शेत नांगरून नव्याने पेरण्यासारखे आहे. आतले बहुधा सारे पुसले जाते. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीचा फोटोही आपल्याच फोनवर निघतो. पाठवलेली नोंद शासनाकडे राहते. न पाठवलेली जाते, आणि आईचा शेवटचा फोटोही जातो. म्हणून फोन धड आहे तोवर फोटोंची प्रत दुसरीकडे ठेवा. त्याच मॉडेलची फाइल घ्या, बॅटरी भरा, वायर मध्येच काढू नका. बियाणे राखून मगच नांगर धरावा.