वळचणीचं बिऱ्हाड

एप्रिल उजाडला की न्यू जर्सीतल्या आमच्या घराच्या वळचणीला एकटी गांधीलमाशी घिरट्या घालू लागते. ही राणी. हिवाळा तिने कुठल्याशा फटीत निपचित काढलेला असतो. तिच्या कामकरी बहिणी थंडीत संपलेल्या असतात. जुनं पोळं शेजारीच लोंबत असलं तरी ती सहसा त्यात जात नाही. डेकच्या लाकडाचे तंतू खरवडते, लाळेत मळते आणि राखाडी कागदाची एकेक खोली उभी करते. युरोपात चिंध्या कुटून कागद होत असे, त्या काळात फ्रान्सच्या रेओम्यूर या शास्त्रज्ञाने १७१९ साली हेच काम न्याहाळून सांगितलं की लाकडापासूनही कागद करता येईल.

दारावरचं पोळं हलवायचं तर ते याच दिवसांत. तेव्हा ते बोराएवढं असतं आणि राखणीला एकटी आई. जुलैत तिथेच लेकींचा पहारा बसतो.

जमिनीतल्या बिळात राहणाऱ्या येलोजॅकेट गांधीलमाश्यांची गोष्ट वेगळी. हिरवळ कापायच्या यंत्राची थरथर पोचली की शेकड्यांनी वर येतात. भिंतीत शिरल्या असतील तर बाहेरचं भोक बुजवू नये; कोंडलेल्या माश्या आतली भिंत कुरतडून थेट खोलीत उतरतात. तिथे जाणकार माणूसच बोलवावा. २००० ते २०१७ या काळात अमेरिकेत मधमाश्या, गांधीलमाश्या नि त्यांच्या भाऊबंदांच्या डंखांनी वर्षाला सरासरी ६२ माणसं गेली. ज्याला डंखाची ॲलर्जी आहे, त्याच्या घरी दारावरच्या पोळ्याला दयामाया नको आणि एपिनेफ्रिनचं इंजेक्शन हाताशी हवं.

पण गॅरेजमधल्या कुंभारीण गांधीलमाशीला मी हात लावू देत नाही. ती एकटी राहते, सहसा डसत नाही. मातीच्या नळ्यांत ती डंखाने लुळे केलेले कोळी भरते आणि अंडं घालून तोंड लिंपते. अवधूताच्या चोवीस गुरूंत तिच्याच जातीची एक आहे. तिच्या ध्यासाने अळी तिच्यासारखी होते, असं आपण कीर्तनात ऐकलं. प्रत्यक्षात अळी तिचीच, आणि भक्ष्य त्या अळीच्या पोटात. मला ही दुसरी गोष्टही तितकीच थोर वाटते.

भाद्रपदात गणपतीची मंडळी डेकवर पानं घेऊन बसली की येलोजॅकेट शिऱ्यावर तुटून पडतात. लोकांना वाटतं, त्या चवताळल्या. खरं तर त्या उपाशी असतात. उन्हाळाभर त्या सुरवंट, माश्या मारून अळ्यांना भरवतात आणि बदल्यात अळ्या त्यांना गोड रस देतात. ऋतू सरत येतो, घरातल्या अळ्या कमी होतात, तो रसही आटतो. म्हणून त्या आपल्या ताटाकडे वळतात. हात झटकू नका, नैवेद्य झाकून ठेवा, सरबताच्या डब्यात पाहिल्याशिवाय ओठ लावू नका. कडक थंडी पडली की कामकरी माश्या मरतात. मग पोळं रिकामं. ते उतरवावं आणि सायडिंगच्या फटी बुजवून घ्याव्यात, म्हणजे वसंतात नवी राणी शेजारच्या झाडाचा आसरा शोधेल.