एक गोठा, दोन वाऱ्या

होस्टेलवर रात्री दोननंतर ज्या चर्चा रंगतात त्यात एक विषय हमखास असतो – प्रेम! कुणाचं जमलं, कुणाचं फिसकटलं, कुणी कुणाला काय मेसेज केला... या चर्चेत मी बहुतेक वेळा श्रोताच असतो. पण उद्या कुणी या विषयावर पाच मार्कांचा प्रश्न टाकलाच, तर मी आमच्या आबा-आजीचं उदाहरण लिहीन. ज्यांनी आयुष्यात एकमेकांना कधी नावानं हाकसुद्धा मारली नाही, त्या दोघांचं!

सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात आमचं गाव. पाऊस बेताचाच. आबा-आजीचं लग्न 1971 सालचं, आणि 1972 ला तो मोठा दुष्काळ. लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच दोघं दुष्काळी कामावर खडी फोडायला. आजी सांगायची, "ह्यांच्याशी पयल्यांदा नीट बोलले ती खडीवर. घरात सासू-सासऱ्यांम्होरं बोलायची सोय न्हवती. तिथं हातोड्याच्या आवाजात कोण ऐकतंय!"

आजीचं माहेर वारकरी. ती लहानपणापासून गळ्यात तुळशीची माळ घालून आलेली. आबा मात्र बिडी ओढणारे आणि मटणाचे शौकीन. आजीनं कधी कटकट केली नाही. अंगणात वेगळी चूल मांडायची, मटण शिजवून द्यायची, स्वतः चव बघायची नाही. मीठ कमी-जास्त झालं की आबा चिडायचे. ती म्हणायची, "चाखल्याबिगर काय कळतंय?" तीन-चार वर्षं असं चाललं. 1975 ला आबा कुणालाही न सांगता पंढरपूरला गेले आणि माळ घालून आले. अंगणातली चूल आजीनं त्याच दिवशी मोडली.

त्यानंतर घरात एक नियम पडला. आषाढी वारी आबांची, कार्तिकी आजीची. कारण एकच, गोठा. दावणीला दोन-तीन म्हशी कायम, डेअरीच्या दुधावर घर चालायचं. आळंदीहून पंढरपूर म्हणजे साधारण 250 किलोमीटर, पायी जवळजवळ तीन आठवडे. तेवढे दिवस म्हशींचं कोण बघणार? म्हणून एकानं जायचं, एकानं थांबायचं. आजी कार्तिकीला गाडीनं जायची, चार दिवसांत परत. पुढं आई-बाबा हाताशी आले, पण म्हशींना या दोघांचेच हात माहीत. आणि त्यातली एक तर फक्त आजीलाच धार काढू द्यायची. कार्तिकीला आबा काय करायचे माहितेय? आजीचं जुनं लुगडं डोक्यावरून घेऊन धारेला बसायचे! आम्ही पोरं हसून लोळायचो. आबा तसेच गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "गप बसा रं, म्हस वळखंल."

दोघं अगदी संत होती असं मात्र नाही हं. आबांचा राग जमदग्नीचा. भांडण झालं की दोन-दोन दिवस अबोला, आणि मग आमचा पोस्टमन व्हायचा. "सांग तुझ्या आज्जाला, भाकरी वाढलीया." समोर बसलेल्या माणसाला निरोप! आत्याला पुढं शिकवायचं की नाही यावरून तर चांगला महिनाभर अबोला चालला होता. जिंकली आजी. आत्या आज नर्स आहे.

2020 मध्ये कोरोनामुळे पायी वारी झाली नाही. माऊलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. माळ घातल्यापासून पहिल्यांदाच आबा आषाढी एकादशीला घरी होते. सकाळी टाळ घेऊन बांधावरून चालून आले आणि दोघांनी एका पंगतीत बसून उपासाची भगर खाल्ली. आजी म्हणाली, "देवानंच सुट्टी दिली यंदा." पुढच्या वर्षीही तेच. 2022 ला आबा पुन्हा दिंडीत.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मला इथं ॲडमिशन मिळालं. फी, होस्टेलचं डिपॉझिट, मेसचा ॲडव्हान्स... आबांनी दावणीच्या दोन्ही म्हशी विकल्या. मला फार वाईट वाटलं. आजीच समजूत घालायला लागली, "गेल्या तर गेल्या. त्यास्नीच तर आमास्नी कधी संगं जाऊ दिलं न्हाई."

आणि 2023 च्या जूनमध्ये, लग्नानंतर 52 वर्षांनी, दोघं पहिल्यांदा एकत्र वारीला निघाली. आजी 69 वर्षांची, डोक्यावर तुळस.

पालखी पुण्यात मुक्कामाला असते तेव्हा मी भेटायला गेलो. सेकंड सेमचे पेपर चालू होते, तरी गेलो. भवानी पेठेजवळ एका शाळेत दिंडी उतरली होती. हरिपाठ संपला आणि रिवाजाप्रमाणे सगळे एकमेकांच्या पाया पडायला लागले. आबा रांगेतून पुढं सरकत आजीसमोर आले. वाकले. तिच्या पायांना हात लावून म्हणाले, "माऊली."

आजी एकदम मागं सरकली. "आवो, काय ह्ये! पोरगं बघतंय!"

"बघू दे," आबा म्हणाले. "हितं नवरा न्हाई, बायकू न्हाई."

मग आजीनंही वाकून नमस्कार केला. मी खिचडीचा द्रोण हातात धरून तसाच उभा.

पंढरपुरात विठोबाचा गाभारा वेगळा आणि रुक्मिणीचं देऊळ वेगळं, एकाच आवारात. परत आल्यावर आजी म्हणाली, "आमचं बी तसंच हुतं. एक वाटंवर, एक गोठ्यात. पर आवार एकच."

जानेवारी 2024 मध्ये आबा गेले. झोपेतच. त्या आषाढीला दिंडीतली माणसं आजीला न्यायला आली. म्हशी नव्हत्या, अडचण काहीच नव्हती. तरी ती गेली नाही. म्हणाली, "आषाढी त्यांची. माझी कार्तिकी." नोव्हेंबरमध्ये कार्तिकी करून आली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तीही गेली.

आपल्याला वाटतं प्रेम म्हणजे सतत सोबत असणं. या दोघांनी दरवर्षी एकमेकांना देवाकडं पाठवलं आणि मागं राहून धारा काढल्या. दुसरा निर्धास्त चालावा म्हणून. मला तरी याहून मोठं काही माहीत नाही.

2025 च्या जूनमध्ये पालखी पुण्यात आली तेव्हा दिंडीत आबांच्या जागी बाबा होते, आबांचेच टाळ गळ्यात अडकवून. आई घरी थांबली होती. मी फोन लावला तर म्हणाली, "दोन शेळ्या घेतल्यात, त्यांना कोण बघणार? मी जाईन की कार्तिकीला."